मौजेचा समुद्र : मराठवाड्यातून पाहताना

आमच्या शहराला समुद्र नाही. छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे 2023 पर्यंत ज्याला कागदोपत्री औरंगाबाद म्हटले जात होते त्या शहरातून, मुंबईचा किनारा रस्त्याने सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर पडतो. तरीही आम्ही मराठीचे अध्यापक दरवर्षी वर्गात समुद्र शिकवतो. कधी सावरकरांचा, कधी कुसुमाग्रजांच्या कोलंबसाचा, कधी कुणा संताचा भवसागर. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाने शिकवता शिकवता सहज विचारले, की प्रत्यक्ष समुद्र किती जणांनी पाहिला आहे? निम्म्याहून कमी हात वर झाले. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला: समुद्रात कंबरभर पाण्यात कोण उतरले आहे? चार हात. त्या तासाला कविता पुढे सरकली नाही.

त्या प्रसंगातून एक प्रघात पडला. पदव्युत्तर वर्गातले काही विद्यार्थी आणि आम्ही दोघे-तिघे हिवाळ्यात दोन रात्रींसाठी कोकणात जातो. गेल्या पौषात रायगड जिल्ह्यातल्या काशीदला गेलो होतो. किनाऱ्यामागच्या सुरूच्या बनात भाड्याचे तंबू होते, आणि एका सहकाऱ्याच्या पुतण्याने गोव्याहून आणलेले दोन बूगी बोर्डही सोबत होते. हा बोर्ड म्हणजे फोमची, हातभर रुंद आणि छातीपासून गुडघ्यापर्यंत येईल एवढी फळी. तिच्यावर पालथे पडायचे, मागून येणारी लाट फुटण्याच्या बेतात असताना पाय मारायचे, आणि लाटेने आपल्याला किनाऱ्यापर्यंत ढकलत न्यायचे. सर्फिंगमध्ये फळीवर उभे राहावे लागते, त्याला महिने जातात. येथे उभे राहण्याची गरज नाही, म्हणून नवशिक्याला अर्ध्या तासात मौज लाभते. पहिल्याच सकाळी लाटेबरोबर वाळूत येऊन आदळलेली बीडची एक विद्यार्थिनी नाकातोंडातले पाणी काढत उठली आणि म्हणाली, "सर, हे आपल्या लोकांना कधीपासून माहीत आहे? म्हणजे समुद्रावर नुसतं खेळायला जाणं?" प्रश्न सोपा होता, उत्तर आम्हांपैकी कुणालाच तिथल्या तिथे देता आले नाही. पुढील मजकूर हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

सुरुवात आमच्या घराजवळून करणे भाग आहे, कारण मराठी मुलखातली समुद्राची फार जुनी चित्रे आमच्याच जिल्ह्यात आहेत. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, इसवीसनाच्या पाचव्या शतकात, एक जहाज रंगवलेले आहे. तीन डोलकाठ्या, उंच शिडे, नाळेवर रंगवलेला डोळा आणि तक्तपोशीवर मांडलेले रांजण. ही पूर्णावदानातली कथा. पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी, पुढे बुद्धाचा शिष्य झालेला. त्याचा भाऊ भविल चंदनाच्या शोधात समुद्रात जातो, वादळात सापडतो, पूर्णाचा धावा करतो आणि वाचतो. कोकणातल्या बंदराची कथा सह्याद्री ओलांडून वाघूर नदीच्या घळीत येते आणि भिंतीवर चढते, ही गोष्ट आम्हांला नेहमीच थक्क करते. ज्याने ते जहाज काढले त्याने किंवा त्याला सांगणाऱ्याने जहाज नीट पाहिले असणार, इतके ते तपशिलात आहे.

पण आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने सतराव्या लेण्यातले सिंहलावदान अधिक महत्त्वाचे. तेथे व्यापाऱ्यांचे जहाज फुटते, ते एका बेटाच्या किनाऱ्याला लागतात, आणि किनाऱ्यावर सुंदर स्त्रिया त्यांचे स्वागत करतात. खाणेपिणे, विलास, प्रेम, सारे काही त्या काठावर आहे. रात्र झाली की कळते, या राक्षसी आहेत. पळून जायचे तर एक दिव्य घोडा येतो, त्याच्या पाठीवर बसायचे आणि मागे वळून पाहायचे नाही. समुद्रकाठची मौज आमच्या प्रदेशाच्या कलेत बहुधा येथे पहिल्यांदा दिसते, आणि ती प्राणघातक सापळा म्हणून दिसते. चित्रकाराला लाटेची भीती आहे, पण त्याहून मोठी भीती वाळूवर विसावण्याची आहे.

भीतीच्या जोडीला व्यवहारही होता. इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रमार्गदर्शिकेत पैठण आणि तेर ही दोन्ही गावे येतात. भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, आणि दोन्हीकडचा माल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून बंदराकडे जातो अशी ती नोंद आहे. पैठणहून अकीकासारखे दगड, तेरहून कापड. म्हणजे आमची गावे समुद्राला माल पुरवत होती. माणसे मात्र बहुतांशी घाटाच्या अलीकडेच राहिली असावीत. याच पैठणच्या हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त गोदावरी आहे, रेवा आहे, विंध्य आहे, नदीकाठच्या लव्हाळ्यांत ठरलेल्या भेटी आहेत. प्रेमाला काठ हवा असतो, पण तो नदीचा. माल समुद्रापर्यंत गेला तरी प्रियकराला तिथे नेण्याची गरज त्या कवींना फारशी वाटलेली नाही.

संतांचेही तसेच आहे, फक्त तिथे समुद्र शब्दाने भरपूर आहे. ज्ञानेश्वरी आमच्यापासून साठ किलोमीटरवरच्या नेवाशात 1290 साली पूर्ण झाली. तिच्या उपमांत समुद्र पदोपदी येतो: नद्या पोटात घेऊनही न हलणारा, चंद्र उगवला की भरून येणारा, लाट आणि पाणी यांच्या अभेदाचा दाखला देणारा. हा समुद्र शास्त्रातून आणि परंपरेतून आलेला आहे असे दिसते. त्याला मिठाचा वास नाही. खेळ म्हटला की मात्र संतांना वाळू आठवते, ती चंद्रभागेची. 'वाळवंट' हा शब्द आज आपण राजस्थानसाठी वापरतो, पण वारकऱ्याला तो पंढरीच्या नदीपात्राचा आहे. एकनाथांच्या भारुडांत फुगडी आहे, हुतुतू आहे, अंगाला धूळ लागेल असे सगळे आहे. उघड्यावर मुक्काम करणेही आमच्या लोकांना नवे नव्हते. दिंडी चालते तेव्हा शेकडो माणसे राहुट्यांत, पालाखाली, झाडाखाली झोपतात. म्हणजे वाळूतला खेळ, तंबूतली रात्र आणि पाण्यात उतरण्याचा आनंद हे तिन्ही मराठवाड्याच्या माणसाला पूर्वीपासून ठाऊक होते. फक्त ते नदीच्या काठी होते आणि देवाच्या नावाने होते. कोकणच्या पुळणीवर पहिल्यांदा आलेले आमचे विद्यार्थी न सांगता फुगडी धरतात, हे आम्ही तीनदा पाहिले आहे. त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

तंबूचा विषय निघालाच आहे, तर दुसऱ्या तंबूंविषयी बोलणेही आवश्यक आहे. आमच्या शहराचा एक भाग अजून 'छावणी' म्हणूनच ओळखला जातो. तंबू म्हणजे मौज हे समीकरण अगदी अलीकडचे. त्याआधी तंबू म्हणजे लष्कर, किंवा दौऱ्यावर आलेला अंमलदार. 1681 च्या अखेरीस औरंगजेब बऱ्हाणपुरास उतरला आणि मार्च 1682 मध्ये आमच्या शहरात आला. बादशाही छावणी हे कापडाचे चालते शहरच असे. एक संच उभा असताना दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना होई, हे बर्निएने काश्मीरच्या प्रवासात पाहून लिहून ठेवले आहे. आता योगायोग पाहा. त्याच 1682 च्या आरंभी संभाजी महाराज कोकणात जंजिऱ्यासमोर उभे होते आणि किल्ल्यापर्यंत पोहोचण्यासाठी खाडीत भराव टाकून सेतू बांधण्याचा प्रयत्न करीत होते. तो पूर्ण झाला नाही. बादशाहाची फौज दख्खनेत शिरल्याने त्यांना ते काम टाकून माघारी फिरावे लागले. ज्यांचे नाव आज आमच्या शहराला आहे ते समुद्राच्या पाण्यात दगड टाकीत होते, आणि ज्याचे नाव त्यापूर्वी साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ शहराला होते तो त्याच शहरात तंबू ठोकायला येत होता. काशीदहून जंजिरा फार दूर नाही. तटाकडे बोट दाखवून हे सांगितले तेव्हा नावांवरून एरवी तावातावाने बोलणारी आमची मुले काही वेळ नुसती पाण्याकडे पाहत राहिली.

आणि जंजिरा हबश्यांचा. आमच्या शहराचा मूळ संस्थापकही हबशीच होता. 1610 साली खडकी वसविणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, लाल समुद्रावरचे मोखा आणि बगदाद अशी वळणे घेत अरबी समुद्र ओलांडून अहमदनगरच्या निजामशाहीत आला. समुद्र नसलेल्या या गावाचा पहिला माणूस समुद्राने आणून दिला, तोही बेडीत. त्याने शहराला दिले काय, तर पाणी. डोंगरातून खापराच्या नळांनी आणलेली नहर. समुद्राविषयी त्याने काही लिहून ठेवले असते तर ते वाचायला आम्हांला फार आवडले असते. असो.

मौजेचा समुद्र हा शोध, निदान आज आपण ज्या रूपात तो ओळखतो त्या रूपात, बाहेरून आला. येथेही दोन धारा आहेत आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवायला हव्यात. एक युरोपातली. 1750 साली रिचर्ड रसेल या इंग्रज डॉक्टराने समुद्रस्नान ग्रंथींच्या विकारांवर गुणकारी असल्याचा प्रबंध लॅटिनमध्ये लिहिला, आणि ब्रायटन नावाचे मासेमारीचे खेडे बघता बघता श्रीमंतांचे आरोग्यस्थान झाले. आधी औषध म्हणून, मग फॅशन म्हणून, मग रेल्वे आल्यावर सर्वांची रविवारची सुटी म्हणून. जेन ऑस्टिनची 1817 साली अपुरी राहिलेली 'सँडिटन' ही कादंबरी अशाच नव्याने फुगवल्या जाणाऱ्या किनाऱ्याची गोष्ट आहे. फ्रेंच इतिहासकार आलँ कोर्बँ याने 1750 ते 1840 या काळात पाश्चात्त्य मनात समुद्राविषयीची भीती ओसरून ओढ कशी निर्माण झाली यावर 1988 साली स्वतंत्र ग्रंथच लिहिला. इतिहासाच्या विद्यार्थ्यांइतकाच तो साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचावा असा आहे.

दुसरी धारा हवाई बेटांची. तिथे लाटेवर घसरण्याचा खेळ कुणा डॉक्टराने सांगितलेला नव्हता. 1779 साली कॅप्टन कुकच्या जहाजावरील जेम्स किंग या अधिकाऱ्याने फळ्या घेऊन लाटांत शिरणाऱ्या माणसांचे वर्णन लिहिले. पुरुष, स्त्रिया, मुले, सरदार, सारेच तो खेळ खेळत. अर्थात समतेची कल्पना करून घेऊ नये. सर्वांत लांब फळ्या सरदारांच्या, सामान्यांच्या आखूड, अशी विभागणी होती. 1820 नंतर मिशनरी आले, त्यांना हे उघडे अंग आणि हा रिकामा वेळ रुचला नाही, आणि रोगराईने लोकसंख्याच खचल्याने खेळही आटला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो पुन्हा उभा राहिला. 1907 साली जॅक लंडनने होनोलुलूला तो स्वतः करून पाहिला आणि त्यावर लिहिले. बूगी बोर्ड तर फारच धाकटा. 1971 साली टॉम मोरी या सर्फरने हवाईत फोमचा तुकडा कापून, इस्त्रीने आकार देऊन तो बनवला. पण पालथे पडून लाट धरण्याची आखूड फळी हवाईत आधीपासून होती, म्हणजे नवे ते साहित्य, कृती जुनीच. भारतापुरते बोलायचे तर लाट फोडून जाण्याचे कसब आपल्या मच्छीमारांकडे होतेच. मद्रासच्या कट्टुमरमची चित्रे चार्ल्स गोल्ड याच्या 1806 च्या चित्रसंग्रहात आहेत. खेळ म्हणून सर्फिंग मात्र आपल्याकडे या शतकातले. कर्नाटकात मुल्कीला 2004 च्या सुमारास पहिला क्लब निघाला. आपल्या कोकणात ते अजूनही विरळाच, कारण लाट मोठी असते ती पावसाळ्यात, आणि त्या दिवसांत कोळीदेखील होड्या वर ओढून ठेवतात.

या दोन धारांपैकी पहिली मराठी कवितेला एका विलक्षण ठिकाणी भेटते. सावरकरांनी सागराला उद्देशून लिहिलेले, प्रत्येक मराठी माणसाला पाठ असलेले गीत 1909 साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर जन्मले. ब्रायटन म्हणजे मौजेच्या समुद्राची युरोपीय राजधानीच. वर्गात आपण ही कविता शिकवतो तेव्हा कवीची तळमळ शिकवतो, आणि ते योग्यच आहे. धिंग्रांना फाशी झालेले ते वर्ष होते. पण स्थळाकडे आपण पाहत नाही. लोक जिथे मजेसाठी जात त्या वाळूवर बसून एक मराठी तरुण समुद्राला जाब विचारत होता. ज्या समुद्राला धर्मशास्त्राने निषिद्ध ठरवले होते, जो ओलांडून परतलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे, त्याच्याशी मराठी कवितेने धरलेला हा सर्वांत निकटचा संवाद आहे, आणि त्यात मौजेला जागा नाही. मराठी वाङ्मयाचा समुद्र पुढेही बराच काळ असाच राहिला: ध्येयाचा, विरहाचा, आव्हानाचा. 1942 च्या 'विशाखा'तला कोलंबसही लाटांशी झुंजतो, खेळत नाही.

कोकणातल्या लेखकांनी तरी खेळ दाखवला असेल अशी आमची अपेक्षा होती. केशवसुत जन्मले मालगुंडला, गणपतीपुळ्याच्या शेजारी. पेंडसे, दांडेकर यांच्या कादंबऱ्या कोकणात घडतात. पण 'गारंबीचा बापू' किंवा 'पडघवली' आठवून पाहिली तर नजर राहते ती वाडीवर, आगरावर, पोफळींवर, भाऊबंदकीवर. समुद्राची गाज कानांवर पडते, पाणी अंगावर येत नाही. याचे कारण आमच्या मते सरळ आहे. लिहिणारी घरे समुद्राकडे पाठ करून उभी होती, आणि समुद्राशी रोजचे नाते असलेली कोळी, गाबीत, भंडारी ही घरे छापील साहित्यात फार उशिरा आली. मोल्सवर्थचा 1831 चा मराठी कोश उघडला तर किनाऱ्यावरच्या शब्दांनी तो भरलेला आढळतो. उधाणाची भरती वेगळी आणि भांगाची वेगळी, हे ज्या भाषेला ठाऊक आहे तिच्या कवितेत मात्र नुसतीच 'भरती' येते. ज्ञान भाषेत होते, वाङ्मयात उतरले नाही.

मराठवाड्याच्या बाबतीत आणखी एक अडथळा होता, तो राजकीय. आमचा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याला किनाराच नव्हता. 1947 साली निजामाच्या बाजूने पोर्तुगिजांकडून गोव्याचे बंदर मिळविण्याच्या हालचाली झाल्या होत्या, इतकी ती उणीव सलत होती. 1900 च्या सुमारास मनमाडपासून निघालेली गोदावरी खोऱ्याची रेल्वे औरंगाबादवरून गेली आणि मुंबई एका रात्रीवर आली खरी, पण कामाला, कोर्टाला, दवाखान्याला. चौपाटी पाहून आलेला माणूस गावात महिनाभर तिचे वर्णन करी. त्यातही चौपाटी म्हणजे नुसती हवा खाण्याची जागा नव्हे. 1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्यांवर अंत्यसंस्कार झाले ते गिरगावच्या त्याच वाळूत, आणि सभाही तिथेच होत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि किनारा असलेल्या राज्याचा आम्ही भाग झालो. समुद्र आमच्या प्रदेशाला राज्यपुनर्रचनेने मिळाला, असे म्हटले तर ते चुकीचे ठरू नये.

प्रत्यक्ष माणसे समुद्रावर गेली ती आणखी उशिरा, आणि पुन्हा देवाचाच हात धरून. आमच्या आधीच्या पिढीला विचारले की 'समुद्र पहिल्यांदा कुठे पाहिला?' तर उत्तरे येतात गणपतीपुळे, हरिहरेश्वर, रामेश्वर, द्वारका. दर्शन झाले की पुरुष धोतर वर खोचून घोटाभर पाण्यात उभे राहत, बायका ओंजळभर पाणी डोळ्यांना लावीत, मुलांना हाताला धरून ठेवले जाई. दर्शनाच्या निमित्ताने मौज साधून घेतली जाई, पण तिला मौज म्हणायचे नसे. मिलिंद बोकील यांच्या 'समुद्र' या कादंबरीत एक मध्यमवयीन जोडपे केवळ सुटीसाठी किनाऱ्यावर जाते. आमच्या विद्यार्थ्यांना त्या कथेतल्या नात्याच्या पेचाइतकेच याचेही अप्रूप वाटले, की वाटेत एकही देऊळ नाही.

पाण्याशी खेळण्याआधी पाण्याला हात लावण्याचा हक्क असावा लागतो, हेही विसरून चालणार नाही. डॉ. आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. महाड कोकणातलेच, सावित्रीच्या काठचे. विहीर, तळे, पाणवठा, नदीचा घाट, साऱ्यांवर जातीचे पहारे होते. समुद्राला असा पहारा बसवणे कठीण, कारण त्याचे पाणी पिण्याचे नव्हे. ज्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर वेगळे उभे राहावे लागले ती आमची मुले-मुली येथे एकाच लाटेत एकमेकांवर आदळत होती. आमच्यापैकी एकाने हे बोलून दाखवले तेव्हा त्यांतला एक विद्यार्थी एवढेच म्हणाला, "सर, तेव्हा मी फक्त बोर्ड सुटू नये म्हणून धडपडत होतो." त्याचेही बरोबरच होते.

एवढ्या सगळ्या उशिराची किंमत असते. 1 फेब्रुवारी 2016 रोजी काशीदच्या पुढे मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेल्या पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या चौदा विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. त्यानंतर सहलींच्या परवानगीची कागदपत्रे वाढली. समुद्र समजावून देण्याची व्यवस्था मात्र आम्हांला कुठे दिसली नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन 'जलदूत' रेल्वे लातूरला पोहोचली. आमच्या मुलांची पाण्याची कल्पना या दोन बातम्यांमधली आहे: घागरीने मोजायचे पाणी, आणि क्षणात गिळणारे पाणी. छातीइतक्या पाण्यात उभे राहून लाट कोणत्या बाजूने येते हे पाहणारा माणूस त्यांनी पाहिलेला नसतो. भरती-ओहोटी त्यांना भूगोलाच्या पुस्तकातून ठाऊक असते, घड्याळातून नव्हे. म्हणून काशीदला जाण्याआधी आम्ही वर्गात एक तास कवितेऐवजी तिथीला दिला. कोकणात एक जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, तेवढे वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, त्रयोदशीला पावणेदहा. थोडा फरक पडतो, पण अदमासाला पुरतो. फळ्यावर तो मांडल्यावर मागच्या बाकावरून शंका आली, की कृष्णपक्षात काय? तेथेही तोच, कारण चंद्राची अमावास्या-पौर्णिमा समुद्राला सारखीच.

आम्ही पोहोचलो ती शुद्ध त्रयोदशीची सकाळ. साडेसातला पाणी चढत होते. जाळी वाळत घालणाऱ्या एका वयस्क कोळ्याने आमचा घोळका पाहिला, बोर्ड हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाला, "सर, पोरांना साडेनऊला बाहेर काढा. उधाण जवळ आलंय. पाणी वळलं की ओढ लागते, मग फळी काय नि पोर काय." पंचांग न उघडता त्याने आमच्या हिशेबापेक्षा पंधरा मिनिटे आधीची वेळ दिली होती. मुलांनी मग त्याच्याभोवतीच कोंडाळे केले. काठाशी पाणी शांत आणि गढूळ दिसते ती जागा टाळायची, कारण आलेले पाणी तिथूनच आत परतते. लाटेकडे पाठ करायची नाही. आत ओढले गेलो तर किनाऱ्याकडे झगडत यायचे नाही, काठाला समांतर सरकायचे. बाकी त्याने काय सांगितले ते मुलांनी लिहून घेतले, आणि त्या वहीतले कितीतरी शब्द आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. 'काका, तुम्ही लहानपणी असे खेळत होता का?' या प्रश्नावर तो हसला. होडीची फुटकी फळी घेऊन ते लाटेवर पडत असत, म्हणाला. त्याला नाव काय होते? नाव कशाला लागते, पोरे पडत होती.

त्या रात्री तंबूबाहेर बसून आम्ही एकही कविता वाचली नाही. दिवसभर खारे पाणी पोटात गेल्याने निम्मी मुले आठालाच झोपली होती.

परतताना दोन विद्यार्थी पैठणचे असल्यामुळे बस अहिल्यानगरहून शेवगावमार्गे पैठणला वळवली. जायकवाडीच्या भिंतीवरून नाथसागर दिसला. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेले आणि 1976 साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलेले हे धरण. त्यामागच्या जलाशयाला समुद्राचे नाव आणि एकनाथांचे. दुसरा तीर दिसत नव्हता आणि वाऱ्याने बारीक लाटा उठत होत्या. बीडच्या त्या विद्यार्थिनीने खिडकीतून पाहत विचारले, "सर, याला भरती कधी असते?"

पैठणचा मुलगा बॅग उचलत म्हणाला, "नाशिकला पाऊस झाला की."